सातवं पुनर्मुद्रण

पुस्तक विकत घ्यायला आमचे हे निघाले की त्यांच्याबरोबर कुणी जाऊ नये. लग्नानंतर नव्या नवलाईने मी एकदा गेले होते, तेव्हाच कानाला खडा लावला. चारचौघं मुखपृष्ठ बघतात, मागचा मजकूर वाचतात आणि घेतात किंवा ठेवून देतात. हे आधी पुस्तक उघडून बांधणी ताणून बघणार. मग पहिल्या पानाच्या पाठीमागचा तो बारीक टाइपातला मजकूर वाचणार, जो लेखकाची आईसुद्धा वाचत नसेल: पहिली आवृत्ती कधी, दुसरी कधी, पुनर्मुद्रणं किती. मग शेवटची सूची. आणि सगळ्यात शेवटी मधलंच एखादं पान उघडून, खिशातली छोटी पट्टी ओळीखाली धरून, ते पान वरपासून खालपर्यंत वाचणार. शितावरून भाताची परीक्षा. त्या पानात छपाईची एक चूक सापडली की पुस्तक परत फळीवर. तोवर दुकानदाराने तीन गिऱ्हाइकं निपटलेली असतात आणि माझे पाय दुखायला लागलेले असतात.

याला कारण त्यांचं काम. हे मुद्रितशोधक आहेत. शाळेची पुस्तकं आणि शब्दकोश काढणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत तळमजल्यावरच्या खोलीत बसून प्रुफं वाचायची, हेच त्यांनी तरुणपणापासून केलं. ऑफिसात त्यांना सगळे 'अनुस्वार' म्हणतात, कारण एका अनुस्वारासाठी यांनी एकदा चालू यंत्र थांबवायला लावलं होतं. नाव चिडवायला ठेवलेलं, पण यांना ते पदवीसारखं वाटतं. त्यांचा एक ठाम समज आहे. नीट तपासून छापलेल्या पुस्तकात चूक नसते, चूक असते ती नक्कल करणाऱ्याची. घरातलं घड्याळ आणि गाडीचं छापील वेळापत्रक जुळलं नाही, तर हे घड्याळच पुढे करतात.

प्रुफं वाचायला खरं तर दोन माणसं लागतात. एकाने मूळ प्रत हातात घेऊन मोठ्याने वाचायचं, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल चालवायची. ऑफिसातला वाचणारा रजेवर गेला की हे कोशाची पानं घरी आणत आणि वाचायचं काम माझ्या गळ्यात पडे. मी दातांच्या डॉक्टरांकडे पुढच्या टेबलावर बसते. दिवसभर पेशंटांची नावं पुकारते, त्यामुळे आवाज खणखणीत. "स्वल्पविराम खाऊ नकोस" हे वाक्य मी या संसारात "जेवलीस का" पेक्षा जास्त वेळा ऐकलं आहे. सगळं जुळलं की हे शेवटच्या पानाच्या तळाशी लिहीत, 'छापण्यास हरकत नाही', खाली सही करत, आणि सकाळी तो गठ्ठा यंत्रवाल्यांकडे देत. सही करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान असे, ते मी आमच्या लग्नाच्या फोटोतही शोधून पाहिलं आहे. तिथे नाही.

तर अशा माणसाच्या ऑफिसात नोटीस लागली. कोश आणि पाठ्यपुस्तकं आता कागदावर निघणार नाहीत, वेबसाइटवर जातील. मुद्रितशोधन विभाग बंद. ज्यांना राहायचं आहे त्यांनी वेबसाइटच्या विभागात यावं, पण त्याआधी एक फ्रेमवर्क शिकून परीक्षा द्यावी. फ्रेमवर्क म्हणजे काय, हे मला लेकीने फोनवर समजावलं. ती दुसऱ्या शहरात याच धंद्यात आहे. म्हणाली, "आई, वेबसाइटचा तयार सांगाडा असतो. आपण फक्त भिंती घालायच्या." मी म्हटलं, "तुझ्या बाबांना भिंतीचा रंग निवडायला दोन वर्षं लागली."

यांच्या खोलीतल्या बाकीच्यांनी हात टेकले. एक निवृत्तीला आलेला होता, दुसऱ्याला मुलाचं दुकान होतं. यांना काहीच नव्हतं. पन्नाशी उलटलेल्या मुद्रितशोधकाला कोण दारात उभं करणार? घर चालायला माझा पगार होता, कसंबसं निभावलं असतं. पण हा माणूस सकाळी दाढी करून, पट्टी खिशात टाकून जाणार कुठे? मला झोपेतसुद्धा तेवढंच दिसायचं. दाढी करून दारात उभे आहेत आणि दाराबाहेर काही नाही.

नोटिशीत एक वाक्य होतं, परीक्षेला पुस्तक जवळ ठेवता येईल. तेवढं वाक्य यांनी मला पुन्हापुन्हा वाचून दाखवलं.

लेक म्हणाली, "बाबा, पुस्तक कशाला? व्हिडिओ बघा. फुकट असतात."

"व्हिडिओला शुद्धिपत्र असतं का?" यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"चुकलं तर मागाहून कळवतात का? आणि पट्टी कुठे धरू मी, काचेवर?"

ती हसली आणि नाद सोडला. त्या आठवड्यात यांनी मला स्वतःहून विचारलं, "पुस्तक घ्यायला जातोय. येतेस का?" हा माणूस घाबरल्याशिवाय असं विचारत नाही, म्हणून कानाचा खडा काढून मी गेले.

दुकानदाराने त्या फ्रेमवर्कची दोन पुस्तकं पुढे ठेवली. एक पातळ, चकचकीत, ताजं आलेलं. यांनी ते उघडलं आणि दुसऱ्याच पानावर पट्टी थांबली. "हे बघ. 'दिसते' चं 'दिसेत' झालंय." पुढे उलटलं. "इथे आकृती तीन म्हणतात, खाली छापलंय चार. सूची तर नाहीच." पुस्तक त्यांनी दोन बोटांनी बाजूला सरकवलं. आमच्या दवाखान्यात लोक कवळी अशीच सरकवतात.

दुसरं जाडजूड, शिवलेल्या बांधणीचं. हे पहिल्या पानाच्या पाठीमागे गेले आणि तिथेच रमले. "दुसरी आवृत्ती. सातवं पुनर्मुद्रण," ते मला म्हणाले, जसं काही आमच्या घरी नातू झाला. मधली तीन पानं पट्टी लावून वाचली. एक चूक नाही. सूची बारा पानांची, आणि त्यातले पाच शब्द काढून बघितले तर पाचही सांगितलेल्या पानावर.

"हे चांगलं चालतं," दुकानदार म्हणाला. "बरीच वर्षं विकतोय."

झालं, आणखी काय पाहिजे? आमच्या घरात बरीच वर्षं विकलं जाणं हीच पुस्तकाची पुण्याई. शब्दकोश जितका जुना तितका तपासून तपासून घोटलेला. मलाही ते पटलं. मीही इतकी वर्षं यांच्याच हाताखाली शिकलेली ना. जुनं ते सोनं म्हणत आम्ही ते पिशवीत घालून आणलं.

लेकीच्या खोलीत तिचा कॉलेजातला कॉम्प्युटर पडून होता. ती हे सगळं त्याच्यावरच शिकली होती, त्यामुळे लागणारं सामान आत तयार होतं. यांनी तो पुसला, शेजारी पुस्तक उभं केलं, आणि मी संध्याकाळी दवाखान्यातून आले तशी मला बोलावलं. "वाच."

मग मी वाचायला लागले. कोड म्हणजे काय प्रकरण असतं ते मला तेव्हा कळलं. शब्द कमी, चिन्हं फार. "महिरपी कंस सुरू. गोल कंस सुरू. एकेरी अवतरण. गोल कंस बंद. अर्धविराम. महिरपी कंस बंद." आधी यांनी टाइप करायचं, मग मी वाचायचं, मग यांनी पट्टी पडद्यावर धरून जुळवायचं. मग बटण दाबायचं. आणि पडद्यावर पुस्तकात दाखवल्यासारखं पान हुबेहूब उभं राहायचं. पहिल्यांदा ते आलं तेव्हा हे खुर्चीतून उठले आणि माझ्याकडे बघून पुन्हा बसले.

"आलं," म्हणाले.

"दिसतंय की," मी म्हटलं. आणि पुस्तकाचं पुढचं पान उलटलं.

प्रकरणामागून प्रकरण झालं. नववं प्रकरण शेवटचं आणि सगळ्यांत अवघड. पुस्तकांची यादी दाखवायची आणि नावावर दाबलं की त्या पुस्तकाची माहिती उघडायची. ते यांनी इतक्या वेळा केलं की पुढे पुढे पुस्तकाकडे न बघता यांची बोटं चालायची. पाठ झालं होतं. सकाळी दाढी करताना पुटपुटायचे, "महिरपी कंस सुरू." मी पण कुकरपाशी पुटपुटायची. शेजारीण म्हणाली, कुठला जप घेतला आहे का?

परीक्षेला दोन दिवस होते. लेकीचा फोन आला, हे आंघोळीला गेले होते. तिने सहज विचारलं, "बाबांनी कुठलं पुस्तक घेतलं गं शेवटी?" मी नाव सांगितलं आणि वर ऐटीत म्हटलं, सातवं पुनर्मुद्रण आहे.

ती म्हणाली, "आई, आवृत्ती कुठल्या वर्षाची आहे ते बघ."

मी बघितलं आणि सांगितलं.

"अगं, तेव्हाचं काहीच राहिलं नाही आता. त्यानंतर ते सगळं मुळापासून बदललं. हे कोड नव्यात चालतच नाही."

"इथे तर चालतं. रोज बघते मी."

"माझ्या कॉम्प्युटरवर ना? त्यात जुनंच आहे, मी शिकले तेव्हाचं. ऑफिसात नवं असणार."

मी म्हटलं, "सातदा छापलं की! जुनं झालं असतं तर कुणी सातदा छापलं असतं?" माझा आवाज चढला होता. लेकीवर कशाला ओरडत होते, तिचा काय दोष? तीही रडकुंडीला आली. मी यांना बाथरूममधून ओल्या केसांनिशी बाहेर बोलावलं आणि फोन हातात दिला. हे ऐकत राहिले. "बरं," म्हणाले. "बरं. बघतो."

कपडे चढवले आणि थेट दुकानात जाऊन ते पातळ, चकचकीत पुस्तक घेऊन आले. मला वाटलं, चला, माणूस वाकला. दोन दिवस आहेत, हुशार आहे, काहीतरी करील.

हे टेबलाशी बसले, पुस्तक उघडलं, पट्टी लावली आणि लाल पेन्सिल घेऊन पहिल्याच प्रकरणातल्या चुका दुरुस्त करायला लागले.

"अहो, काय करताय? शिका की ते!"

"शिकतोय. पण आधी कळायला नको का काय लिहिलंय?" मग त्यांनी मला दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून दाखवली. "हे बघ. जुन्यात इथे गोल कंस आहे. यात नाही. आता मला सांग, हा बदल आहे, की छापायचा राहिला?"

मला काय कप्पाळ सांगता येणार?

"या पुस्तकात प्रत्येक पानावर दोन-दोन चुका आहेत. मग ही पण चूकच असेल. किंवा नसेल. कशावरून ठरवू?"

लेकीला फोन केला. तिने तीन ठिकाणी सांगितलं, हा बदल आहे. एका ठिकाणी म्हणाली, ही चूक आहे. मग तिला मीटिंगला जायचं होतं. अशा जागा पानोपानी होत्या. हे दोन्ही दिवस तिथेच बसून राहिले. लाल पेन्सिल कागदावर टेकवायचे आणि उचलायचे. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा यांना चूक कुठली आणि बरोबर कुठलं, ते ठरवता येईना. दवाखान्यात दुखणारा दात नेमका कुठला, हे सांगता न येणारे पेशंट येतात, डॉक्टर टकटक करून शोधतात. इथे मी कशावर टकटक करणार होते? मी चहा करून ठेवत होते आणि गार झालेला उचलत होते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली, पट्टी खिशात टाकली आणि पिशवीत जुनं, जाडजूड पुस्तक घातलं.

"नवं नाही नेत?"

"त्यात काय खरं आणि काय खोटं, ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "कदाचित ऑफिसातही जुनंच असेल. आमच्याकडे नवीन काही वेळेवर येतं का कधी?"

हा शेवटचा आशेचा धागा मी तोडला नाही. ऑफिसातले कॉम्प्युटर जुनेच असू देत, अशी प्रार्थना करणारी मीच पहिली बाई असेन. दवाखान्यातून अर्धी रजा घेऊन दुपारी घरी येऊन बसले.

हे आले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. चपला नेहमीच्या जागी काढल्या. हात धुतले. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं.

"नववं प्रकरणच आलं गं."

"काय सांगता!"

"पुस्तकांची यादी. नावावर दाबलं की माहिती. सोपं म्हणून दिलं होतं. मला इतका आनंद झाला. न बघता लिहिलं सगळं." ते खुर्चीत बसले. "बटण दाबलं. पान आलंच नाही, चूक सांगणारी नुसती लाल अक्षरं. खाली खाली लाल अक्षरं."

"मग?"

"मग मी त्यांना म्हटलं, मला हे कागदावर काढून द्या. पडद्यावर मला चूक दिसत नाही. त्यांनी दिलं. मी पट्टी लावून पुस्तकाशी जुळवत बसलो. वेळ संपेपर्यंत."

इतर विभागांतून परीक्षेला आलेली तरुण मंडळी तेवढ्यात करून निघूनही गेली होती. विभागाच्या नव्या बाई यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या, आमच्या लेकीपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या. काका, तुमच्या लिहिण्यात चूक नाही, म्हणाल्या, पुस्तक जुनं आहे. चांगल्या शब्दांत म्हणाल्या, असं यांनीच सांगितलं. घेता येणार नाही, हेही त्यांनी चांगल्या शब्दांतच सांगितलं. पाणी दिलं.

मला त्या बाईचा राग करायचा होता. दुकानदाराचा, सात-सात वेळा छापणाऱ्यांचा, यांच्या ऑफिसातल्या वरच्या मजल्यावरच्या सगळ्यांचा. पण त्या बाईने पाणी दिलं होतं, दुकानदाराने मागितलं ते पुस्तक दिलं होतं, आणि पुस्तकात तर एक चूक नव्हती. कुणाला धरून बोलावं, असं माणूसच मिळेना.

यांनी पिशवीतून ते छापलेले कागद काढले, टेबलावर सरळ केले आणि जाडजूड पुस्तक माझ्याकडे सरकवलं. नववं प्रकरण उघडून.

"वाच."

"अहो, त्या म्हणाल्या ना, चूक नाही म्हणून."

"त्यांनी वाचलं कुठे? नुसती वरून नजर टाकली. माझ्याकडून काही सुटलं का, एवढं मला बघायचंय. वाच."

मी चष्मा लावला आणि वाचायला लागले. महिरपी कंस सुरू. गोल कंस सुरू. यांची पेन्सिल ओळीखालून सरकत होती. एक पान झालं, जुळलं. दुसरं झालं, जुळलं. मला वाटत होतं, देवा, एक सापडू दे. एक स्वल्पविराम, एक टिंब. आपण चुकलो म्हटलं तर हा माणूस ते पोटात घालील, चार दिवस हळहळेल आणि उठेल. पण चूक नसताना काम गेलं, हे तो कुठे ठेवणार?

तिसऱ्या पानावर मी पुस्तकात नसलेला एक अर्धविराम वाचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मुद्दाम.

पेन्सिल थांबली. त्यांनी मान वर केली नाही, पुस्तकाकडे बघितलंही नाही.

"पुस्तकात नीट बघ," ते म्हणाले. "तिथे अर्धविराम नाहीये."

मी बघितल्यासारखं केलं. "नाही. माझंच चुकलं."

"असू दे. दमली असशील. पुढे वाच."

मी पुढे वाचलं, शेवटच्या महिरपी कंसापर्यंत. सगळं जुळलं. यांनी कागद एकावर एक रचून कडा सारख्या केल्या, शेवटचं पान वर घेतलं आणि हात सवयीने तळाशी गेला. 'छापण्यास हरकत नाही.' खाली सही.

मग तो गठ्ठा हातात धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आता हे कुणाकडे द्यायचं?"